रेगुलाच्या भिंतीवरची झाकणं

प्रिय रेगुला,

तुझी फुलं पोचली. पाण्यात ठेवली आहेत. तुझे फोनही येऊन गेले. मी शेजारीच बसले होते, उचलले नाहीत. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि एकदा वाक्य तुटलं की मी गप्प बसते, ही माझी जुनी खोड. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. इथे ओल्टनला धुकं धरून बसलंय, नदी आहे का गेली तेही कळत नाही. मार्ग्रिटचा खुबा पुन्हा दुखतोय, पण काठी टेकत रोज कॉफीला येते. पूर्वी आली की आधी तुझी चौकशी करायची. आता करत नाही.

झुरिकच्या त्या हॉलमध्ये, हातात ग्लास घेऊन, तू लोकांना माझी गोष्ट सांगत होतीस. ती तशी नाही. खरी फार साधी आहे. तू बालवाडीत होतीस आणि मी स्टेशनातल्या उपाहारगृहात वाढपाचं काम करत होते. प्रत्येक कॉफीबरोबर, तीत ओतायला, सायीची एक इवलीशी डबी द्यायची, आणि मेज पुसताना तिचं लोकांनी सोलून, चाटून टाकलेलं चकचकीत झाकण केरात लोटायचं. एकदा लोटता लोटता दिसलं, की झाकणावर किल्ला छापलाय आणि खाली बारीक आकडा आहे. पलीकडच्या मेजावर दुसरा किल्ला, दुसरा आकडा. दोन्ही झाकणं खिशात टाकली. झालं, एवढंच. पुढे अख्ख्या देशालाच ते वेड लागलं. आगगाडीत सुटाबुटातला माणूससुद्धा झाकण सोलताना जीभ दाताखाली धरायचा, कड फाटू नये म्हणून. मला आपलं चार दिवस आधी लागलं, इतकंच.

तुला आठवतं की नाही, कोण जाणे. तू स्टुलावर उभी राहून कोमट पाण्यात झाकणं धुवायचीस आणि टॉवेलावर ठेवून चमच्याच्या पाठीनं सपाट करायचीस. हव्या असलेल्या आकड्याची गाय निघाली की अशी ओरडायचीस, की तुझे बाबा, माझा कोबी, दाढीचा साबण तसाच ठेवून बघायला यायचे. कोबीला झाकणांत काडीचाही रस नव्हता. पण किल्ल्यांची, गाईंची अशी एखादी मालिका सगळ्या आकड्यांसकट पुरी झाली की तो भिंतीवरची टोपी काढून डोक्यावर चढवायचा आणि मला सलाम ठोकायचा. हे तू त्या लोकांना नाही सांगितलंस.

रविवारी आम्ही काही ना काही जमवणारे सगळे 'सिंह' खानावळीच्या हॉलमध्ये जमायचो. खिडकीजवळची उजेडाची मेजं पोस्टाच्या तिकिटवाल्यांची. ते स्वतःला उच्चकुलीन समजत. त्यांच्याशेजारी नाणी. मध्ये आम्ही झाकणवाले. साखरेच्या पुड्या जमवणारे स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण आमच्या मते त्यांच्या मालाला मुंग्या लागत. आणि अगदी टोकाला, कोटांच्या खुंट्यांखाली, हाइरी बसायचा. तो संत्र्यांवर गुंडाळलेले पातळ कागद जमवायचा. त्याला सगळेच हसायचे. माझ्याच मेजावरची मार्ग्रिट म्हणायची, "हाइरी, संत्र्याचे कपडे काढताना दार तरी लावतोस ना?" त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "निदान माझ्या मालाला कुणाची थुंकी लागलेली नसते." तिकिटवाले नीडेगर, निवृत्त मुख्याध्यापक, माझ्या मेजाशी थबकून विचारायचे, "काय अम्मानबाई, या आठवड्यात काय काय चाटलंत?" मी म्हणायचे, "तुमच्या तिकिटांची पाठ लोक चाटतात तेवढं नाही हो." हॉलभर हशा.

अशी आमची हसण्याची रीत होती. प्रत्येकाला वाटायचं, आपण तेवढे शहाणे आणि बाकीचे खुळे. साखरवाल्यांना मी आजही खुळेच म्हणेन. पण याच नीडेगरांची बायको बर्नच्या इस्पितळात ऑपरेशनच्या मेजावर होती, तेव्हा खाली कॅन्टीनमध्ये बसल्या बसल्या त्यांना शेजारच्या मेजावर माझ्या मालिकेत कमी असलेलं एक झाकण दिसलं. कधीतरी मी त्यांना तो आकडा सांगितला होता. आयुष्यभर मुलांना शिस्त लावलेला तो माणूस उठला आणि अनोळखी बाईसमोर हात पसरून झाकण मागता झाला. पुढच्या रविवारी रुमालाच्या घडीतून काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "कचराच आहे. पण तुमचा आकडा होता." त्यांना माझी झाकणं आवडत नव्हती, शेवटपर्यंत आवडली नाहीत. पण एक आकडा राहिला की छातीत काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

तुला ते कधी ठाऊक होतं का, याचा मी हल्ली विचार करते. चौदाव्या वर्षी ल्युसर्नच्या कॅफेत तू मला म्हणालीस, "आई, भिकारणीसारखी मागत फिरू नकोस, मी बाहेर थांबते." आणि खरंच बाहेर जाऊन पावसात उभी राहिलीस. मला राग आला नाही. त्या वयात आईचं सगळंच लाजिरवाणं असतं. पुढे तू शिकलीस, झुरिकला गेलीस, खुर्च्या जमवायला लागलीस. मी पहिल्यांदा तुझ्या घरी आले, जिने चढून दमले होते, टेकले तर तू किंचाळलीस, "अगं आई, त्या खुर्चीवर नाही!" मग एकेक करून कळलं, की बसायची अशी त्या घरात एकही नव्हती. मी स्वयंपाकघरात उभ्यानं कॉफी प्यायले आणि मनात म्हटलं, माझी लेक माझ्यावरच गेली. केवढा आनंद झाला होता मला! कोबीला येऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "बरंय, झाकणांवर निदान कुणी बसायला जात नाही."

कोबी गेल्यानंतरच्या वसंतात तू तुझ्या त्या प्रदर्शनवाल्या सेव्हरिनला घेऊन जेवायला आलीस. मी बटाट्याचे रोश्टी केले होते. जेवण झाल्यावर तूच म्हणालीस, "आई, तुझे आल्बम दाखव ना." किती वर्षांनी तुझ्या तोंडी तो शब्द आला. सेव्हरिन पानं उलटत म्हणत होता, "अम्मानबाई, केवढं निरागस आहे हे! केवढं शुद्ध!" मला त्याचा अर्थ कळला नाही, पण तू माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होतीस आणि गाईचं पान आलं तेव्हा हसलीस. त्या हसण्यासाठी मी आणखी काहीही दिलं असतं. तू आल्बम मागितलेस, मी दिले. सगळे. प्रदर्शनासाठी, म्हणालीस. मार्ग्रिटला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, की आपली झाकणं झुरिकला लागणार.

उद्घाटनाला आम्ही दोघी केस सेट करून आलो, रेगुला. मार्ग्रिटनं मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. त्या जुन्या कारखान्याच्या हॉलमध्ये शिरलो आणि मी आल्बम शोधायला लागले. काचेखाली असतील, पानं उघडून ठेवली असतील, असं मनात होतं. मग मार्ग्रिटनं माझी बाही ओढली. समोरची अख्खी भिंत चमकत होती. तू सगळी झाकणं आल्बममधून काढून भिंतीला चिकटवली होतीस, रंग बघून. निळ्यात निळी, पिवळ्यात पिवळी. किल्ल्यांशेजारी फुलपाखरं, गाईंशेजारी आगगाड्या. एकही मालिका शाबूत नव्हती. मार्ग्रिट लहान मुलासारखी म्हणाली, "एल्सबेथ, यांचे आकडे कुठे गेले गं?" झाकणं खवल्यांसारखी एकमेकांवर चढवली होती, आकड्यांच्या कडा गोंदाखाली गेल्या होत्या. जवळच एक जोडपं उभं होतं. ती त्याला म्हणाली, "ई, ही सगळी खरकटी आहेत!" तो म्हणाला, "हो, तेच तर थोर आहे." मग दोघं हसली. ते हसणं आमच्या हॉलमधलं नव्हतं. हाइरीला मी हसायचे तेव्हा त्याच्या तोंडावर हसायचे, आणि तो उलट टोला द्यायचा. ही माणसं मला ओलांडून हसत होती. मी हातभर अंतरावर होते, तरी त्यांच्या लेखी मी कधीच मेलेली होते.

भिंतीशेजारच्या पाटीवर तुझं नाव होतं. माझं नव्हतं. 'एक गृहिणी' असं होतं. तेही मी गिळलं असतं. बायांना ते गिळायची सवय असते. पण मग तुझा आवाज ऐकू आला. खांबापलीकडे तू माणसांच्या घोळक्यात सांगत होतीस, की माझी आई एकटी होती, बाबा घुमे होते, त्या घरात एक मोठी पोकळी होती आणि ती पोकळी ती कचऱ्यानं भरत राहिली. लोक माना हलवत होते. एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तू फार छान बोलतेस, रेगुला. मलाही क्षणभर त्या बिचाऱ्या बाईची दया आली. मग लक्षात आलं, ती मी.

मी दुःखी नव्हते गं. हे तुला कसं सांगू? पोकळी कसली? मी हौसेनं भरून वाहत होते. रविवारी सकाळी पेटी काखेत मारून 'सिंह'कडे जाताना माझे पाय जमिनीला लागत नसत. तुझे बाबा बोलत नसत, कारण आम्हाला बोलावं लागत नसे. माझी सगळी झाकणं तू गोंदानं नासवलीस, त्याचं मी सोसेन. तो कागदाएवढा पातळ पत्रा, त्याचं काय एवढं. पण माझा आनंद तू उचललास आणि त्याच्यावर 'दुःख' अशी चिठ्ठी लावून भिंतीला टांगलास. शेजारणीनं हे केलं असतं तर तिला ठाऊक नव्हतं म्हटलं असतं. तू तर स्टुलावर उभी होतीस.

आणि आता तुझा निरोप. मी फोन उचलला नाही म्हणून तू मार्ग्रिटकडे दिलास, आणि तो मला सांगताना तिची मान वर होईना. भिंत आता कोपनहेगनला चालली आहे, आणि तिथल्या लोकांची इच्छा आहे, की त्या गृहिणीनं स्वतः भिंतीसमोर बसावं. निळा एप्रन घालून. बोलायची गरज नाही, नुसतं बसायचं, लोक बघतील. शनिवारी गाडी येईल. तू म्हणे म्हणालीस, "आईला बरं वाटेल, तिला कुणीतरी बघायला हवंच होतं." नाही, रेगुला. हे सांगायलाच एवढं लिहिलं. तू खुर्च्या जमव, भिंती जमव, माणसांची दुःखं जमव. मी त्यातली नाही. शनिवारी गाडी पाठवू नकोस, दार उघडणार नाही. कधी नुसती जेवायला यावंसं वाटलं तर ये. सेव्हरिनला आणू नकोस, आणि मला काहीही विचारू नकोस. काही दिवस तरी मी तुझ्यासमोर काहीच सांगणार नाही. तू त्याचं काय करशील, याची मला भीती वाटते.

तुझीच, पण तुझ्या संग्रहातली नव्हे,
आई
एल्सबेथ अम्मान