प्रॉम्प्टरसाठी साउंडबार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदावरच जमतं. कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) भाऊजींची साखर उतरली असेल, नातवाचे दात आले असतील आणि तुझे गुडघे होते तिथेच असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही चौघं ठीक आहोत, म्हणजे दमलेलो आहोत पण तक्रार करण्याइतकं त्राण आहे. पत्रास कारण की, घरात साउंडबार आला. हे वाक्य लिहायला मला अर्धं मिनिट लागलं, घडायला पाच आठवडे लागले.

आमचा नवा टीव्ही तू पाहिलेला नाहीस. तो इतका सडपातळ आहे की त्याला तोंड ठेवायला जागाच उरलेली नाही. स्पीकर पाठीमागे बसवलेत, त्यामुळे बातम्या देणारी बाई बघते आमच्याकडे आणि बोलते भिंतीशी. आता चाळीस वर्षं विंगेत पुस्तक धरून नटांना वाक्यं पुरवलेल्या माणसाला हे कसं सोसावं? कुणी शब्द खाल्ला की बाबांना चैन पडत नाही हे तुला ठाऊक आहेच. मालिका बघताना ते पडद्याला पुढचं वाक्य पुरवत बसतात आणि पात्राने तेच म्हटलं की समाधानाने मान हलवतात. 'हल्लीचे नट ओठांतल्या ओठांत पुटपुटतात,' असं म्हणत त्यांनी आवाज तिसावरून चाळीसवर आणि तिथून अठ्ठावन्नवर नेला. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक एकदा खाली आले. मी माफी मागायच्या तयारीत दार उघडलं, तर ते म्हणाले की काल आम्ही बाहेरगावी होतो, त्या धाकट्या सुनेचं पुढे काय झालं? म्हणजे ते आमच्याच टीव्हीवर मालिका ऐकत होते. तक्रार फक्त एवढीच होती की आम्ही मध्येच चॅनेल बदलतो.

पण तुझ्या भावजयीचं डोकं रोज दुखायला लागलं आणि साउंडबार घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे अटी ठरल्या. तिची अट, वस्तू दिसता कामा नये आणि तिच्यावर धूळ बसता कामा नये. (अशी वस्तू मला आजवर भेटलेली नाही.) तुझ्या भाचीची अट, तो तिच्या फोनला जोडता आला पाहिजे. बाबांची अट एकच, शब्द कळले पाहिजेत. माझी अट कुणी विचारली नाही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतो, आणि घरी टीव्हीच्या दोन पायांमधली जागा मात्र वितीने मोजून गेलो. रुंदी बरोबर बसली. उंची मोजायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणलेला साउंडबार टीव्हीपुढे असा उभा राहिला की रिमोटचा डोळाच झाकला गेला. चॅनेल बदलायचं तर एकाने जाऊन तो उचलून धरायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. आठ दिवस आम्ही नवरा-बायकोने हा व्यायाम केला, मग तो परत करून आलो. दुसऱ्या वेळी बाबा म्हणाले, मी येतो.

दुकानातला विक्रेता टाय लावलेला, उत्साही. त्याने आधी स्फोट ऐकवले, मग सिंह ऐकवला. बाबा शांतपणे म्हणाले, 'आमच्या घरी सिंह येत नाही. एका खोलीत दोन माणसं बोलताहेत असं काहीतरी लावा.' मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. ते दूर स्टुलावर पडद्याकडे पाठ करून बसणार, आणि जे ऐकू येईल ते मोठ्याने म्हणणार. नवं नाट्यगृह आलं की शेवटच्या रांगेतून ते असंच तपासायचे. विक्रेत्याने कौटुंबिक मालिका लावली. सासू एक वाक्य बोलायची, बाबा ते म्हणायचे. एक साउंडबार झाला, दुसरा झाला, चौथा झाला. एक शब्द चुकला नाही. आजूबाजूची गिऱ्हाइकं गोळा झाली. विक्रेता मला म्हणाला, अंकलचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

पाचवा सगळ्यांत लहान होता. विक्रेता तो जोडत होता, वायर काही बसेना. दुकानात चिडीचूप. आणि त्या शांततेत बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, 'मी पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही.' विक्रेता म्हणाला, अंकल, अजून लावला नाही. सगळे हसले. मीही हसलो. मग वायर बसली, आणि ताई, पडद्यावरची सून अगदी तेच वाक्य बोलली. टाळ्या पडल्या.

माझं हसू मात्र मावळलं. माझ्या दुकानात असे लोक रोज येतात, जे नंबर वाढल्याचं कबूल करायला नको म्हणून बाहेरच्या बाकावरून अक्षरांचा तक्ता पाठ करून आत बसतात. मी त्यांना दुसऱ्या ओळीत पकडतो. मी विक्रेत्याला हळूच सांगितलं, हवामानाच्या बातम्या लाव. ओळखीची धून वाजली, मग बातम्यांतली बाई म्हणाली, दोन दिवस मुसळधार पाऊस, घराबाहेर पडू नका. बाबा म्हणाले, 'हवामान सर्वसाधारणपणे कोरडं राहील.' विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बाबा वळले आणि म्हणाले, 'हाच घे. शब्द स्वच्छ आहेत याचे.'

तोच घेतला. वस्तू उत्तम आहे, खोटं बोलणार नाही. रिमोटचा डोळा मोकळा आहे, बोलणं ठळक करायचं बटण आहे. तारा जोडायला कपाटामागे शिरलो आणि तसाच वाकडा बाहेर आलो (ते कंबरेचं). आवाज चाळीसवर आला, भावजयीचं डोकं दुखायचं थांबलं, प्राध्यापकांनी स्वतःचा टीव्ही दुरुस्त करून घेतला. शब्द आता इतके स्वच्छ ऐकू येतात की मालिका बघवत नाहीत. फरक पडला नाही तो फक्त बाबांना. तेव्हापासून मी पाहतोय. परवा विचारलं, किल्ली कुठे ठेवलीत? म्हणाले, 'हो हो, जेवून घेतलं.' नातीच्या परीक्षेला त्यांनी 'शुभेच्छा' म्हटलं, ती नापास झाल्याचं सांगत होती. विचारण्याआधीच उत्तर येतं म्हणून वर्षभर आम्ही समजत होतो की म्हातारपणी माणूस मनकवडा होतो.

आमच्या कानाच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडूनच चष्मा नेतात. त्या म्हणाल्या, लवकर आणा, ऐकण्याची सवय मोडली की मग यंत्र लावूनही जड जातं. बाबांना तीनदा म्हणालो. (दोनदा त्यांनी औषधं घेतल्याचं सांगितलं.) तिसऱ्यांदा कागदावर लिहून दिलं, तेव्हा भडकले. म्हणाले, 'माझे कान खराब असते तर पोरीशी दर रविवारी अर्धा तास फोनवर बोललो असतो का? विचार तिला.' कागदाची घडी करून मी खिशात घातली. भाऊजींना नमस्कार, नातवाला गालगुच्चा.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबा म्हणाले म्हणून विचारतो आहे. रागावू नकोस, पण दर रविवारी तू काय बोलतेस? स्वयंपाकघरातून मला फक्त बाबांची बाजू ऐकू येते, आणि ती मला पाठ झाली आहे. 'घेतल्या गोळ्या. इकडेही तसंच ऊन. जावईबापूंना म्हणावं, चालत जा.' कधीकधी तू श्वास घेत असताना उत्तर येत असणार. या रविवारी वेगळं काहीतरी बोल. खोटं नको, खरंच असं काही, जे तू त्यांना कधी सांगितलं नाहीस. उत्तर चुकलं की हसू नकोस, आणि सावरूनही घेऊ नकोस. कळेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हण, आणि मग विचार, बाबा, ऐकू येत नाहीये ना? माझ्यापुढे ते कधीच हो म्हणणार नाहीत. तुझ्यापुढे म्हणतील. डॉक्टरीणबाईंची वेळ मी घेऊन ठेवली आहे, सोमवारची.

ता. क. २. तुला शहाणपण शिकवण्याआधी काल दुपारी मी स्वतः करून पाहिलं. त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो, म्हटलं, आज यांना पाठ नसलेलं काहीतरी बोलायचं. पंधरा मिनिटं बसलो. काही सुचलं नाही. शेवटी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, 'अर्धाच कप, साखर नको.' मी चहाचंच विचारणार होतो.