भेगेचे नऊ आकडे

४ ऑगस्ट, रविवार
बेचाळीस सेंटिमीटर. पुन्हा तेवढंच. सोनबामामानं फोनवर आकडा सांगितला आणि ठेवला – गुरं सोडायची होती.

वस्तीच्या वर, कड्यालगत जमिनीला भेग आहे; ती रुंदावली तर कडा सुटायचा. तिच्या दोन्ही काठांवर आमच्या कॉलेजातल्या कुंडलिक सरांनी अकरा वर्षांपूर्वी लोखंडी खुंट्या ठोकल्या. दर रविवारी मामानं टेप लावायचा, मी इथं भोरला आकडा फाइलीत घालायचा. सर वारले तेव्हापासून हे काम माझ्याकडे.

लॅपटॉपवर नेहमीची एका ओळीची आज्ञा टाइप केली, आलेख आला. जूनच्या शेवटापासून रेघ आडवी, शांत. मामीला कळवलं. तिचं ठरलेलंच – "मोहिने, ऱ्हायचं ना मग हितंच?" राहा म्हटलं.

११ ऑगस्ट
बेचाळीस.

१८ ऑगस्ट, रविवार
लॅपटॉप कॉलेजच्या प्रयोगशाळेतच राहिला. म्हणून सरांचा जुना संगणक लावला. पंखा घरघरतो, चालू होईपर्यंत चहा होतो. त्याच्यावर चित्र येत नाही, नुसती अक्षरं. पण प्रोग्राम तोच, आज्ञाही तीच. फाइल पेनड्राइव्हवर होती. रेघेऐवजी फुल्या उमटल्या, दर आकड्याला एक.

लॅपटॉपवर मी रेघ गुळगुळीत करून घेते. दिसायला बरी. इथं फुल्या उघड्या. अकरा वर्षं त्या वरखाली हलतात – टेप कधी सैल, कधी हात थरथरला, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे व्हायचेच. शेवटच्या नऊ मात्र एका ओळीत. जराही हलत नाहीत.

असं कुणी मोजूच शकत नाही.

१९ ऑगस्ट
मामीला फोन केला. आकडे खरे का, विचारलं. म्हणाली, "ह्यांचा गुडघा गेलाय. मिरुग सरल्यापासनं वर गेलंच न्हाईत."

फोन मामाला द्यायला सांगितलं. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. "वाढलंय म्हनलो असतो तर तू उठवलं असतंस आमाला. गुरं कुठं न्यायची?"

फोन ठेवला. आणि मी दर रविवारी राहा म्हणत होते.

२१ ऑगस्ट, बुधवार
रजा टाकली. एसटीनं विंझर, पुढं वस्तीवरच्या अमृतच्या टेम्पोनं पायथा, मग चढ. गवत कमरेएवढं, खुंट्या सापडेनात. टेपचं टोक अमृतनं धरलं.

एकाहत्तर.

तीनदा मोजलं. भेगेत दगड टाकला, आवाज उशिरा आला. अमृत म्हणाला, "ताई, खाली चला."

सगळ्यांना अंगणात बोलावलं, आकडा सांगितला. आधी मामी उठली, भांडी बांधायला लागली. मग बाकीचे उठले. खालच्या वाडीत ओढ्याकाठी समाजमंदिर आहे, स्लॅबचं, पक्कं. जागा मीच सुचवली. सतरा माणसं दिवस मावळायच्या आत खाली.

मामा आला नाही. "तुमी जावा. म्या गुरांपाशी हाय." मी हात धरला, त्यानं सोडवून घेतला.

२३ ऑगस्ट
तहसीलला अर्ज दिला. सोबत दोन्ही संगणकांवरचे आलेख, नवा आकडा घालून – लॅपटॉपवरची रेघ छापून, फुल्या हातानं उतरवून. आता दोन्हीकडे शेवट सरळ वर गेलेला. पाहणीला येतो म्हणाले.

२५ ऑगस्ट, रविवार
आज अमृत वर जाऊन मोजून आला. अठ्ठ्याहत्तर.

मामीचा फोन. "फरशी लई गार हाय. पोरं कावल्यात. घरी कवा जायचं?" इतक्यात नाही म्हटलं. "बरं," म्हणाली. एवढंच. मामाला रोज दोन्ही वेळची भाकरी वर पाठवते.

३० ऑगस्ट, शुक्रवार
काल दुपारी कडा सुटला. वस्तीकडे वळलाच नाही. ओढ्यात उतरला आणि ओढ्यानंच खाली गेला, समाजमंदिरावर. सहा माणसं गेली. मामी त्यात.

वरची घरं उभी आहेत. गुरं आहेत, मामा आहे. संध्याकाळी त्याचाच फोन आला. "तुजा आकडा खरा हुता, पोरी," म्हणाला, आणि ठेवला.