राबाखालची तार

मी, केसरीनाथ तुळशीराम भोईर, वय त्रेसष्ट, राहणार राहनाळ, तालुका भिवंडी, धंदा केबल, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी हृदयाचे सांगितले आहे, डोक्याचे काही म्हटलेले नाही.

१. राहते घर पत्नी सीताबाई हिच्या हयातीत तिचे, पश्चात मुलगा प्रितेश याचे. घरोघरच्या टीव्ही जोडण्यांचा धंदाही प्रितेशचा.

२. बांबूची लांब शिडी धामणकर नाक्यावरच्या दुसऱ्या केबलवाल्या मोरूला द्यावी. माझ्या तारा कापायला तो दर वेळी उसनी शिडी आणत असे.

३. राहनाळहून पूर्णा गावापर्यंत मी २००० साली पुरलेली काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, व ती जोडायचे यंत्र. तेव्हा तिकडे शेती जास्त, गोदामे मोजकी. टीव्हीला तांब्याची तार पुरत असताना काच कशाला, म्हणून गाव हसले. आज त्याच तारेवर गोदामांचे कॉम्प्युटर मुंबईच्या ऑफिसांना जोडलेले आहेत, आणि बारा धाग्यांपैकी अजून चारच चालू आहेत. प्रितेश म्हणतो, "पप्पा, फोन कंपनी तार मागतेय तोवर विकून मोकळे होऊ." गोदामे तर वाढतच आहेत. बियाण्याचे भात कांडून खायचे नसते. म्हणून तार त्याला देत नाही.

४. तार व यंत्र मुलगी निशा आणि धाकटा भाऊ हिरामण यांना निम्मे निम्मे. दोघांच्या सह्यांशिवाय विकता येणार नाही. निशा का, ते सर्वांना ठाऊक आहे. यंत्र तीच चालवते. हिरामण का, ते विचारतील, कारण २००१ पासून आम्ही बोलत नाही.

तार त्याच्या शेतातून जाते. त्या उन्हाळ्यात त्याने नेहमीप्रमाणे राब भाजला, म्हणजे भाताचे रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून जाळला. खाली उथळ पुरलेली तार जळून गेली. मी म्हणालो, मुद्दाम केलेस. तो म्हणाला, "राब आजाच्या टायमापासून तितंच भाजतात. शेतकऱ्याचा पोर ना तू? तुला ठावं न्हाय?" तेच शेवटचे बोलणे.

मी तार पुन्हा तिथेच टाकली. पुढच्या सालापासून त्याने राब खाडीकडच्या खाचरात हलवला, न सांगता. तिथल्या खाऱ्या मातीत रोप नीट धरत नाही. त्याचे भात विरळ येते, हे मी दरसाल रस्त्यावरून पाहतो. तार मात्र पुन्हा जळली नाही.

५. माझ्यामागे तारेचे जे पहिले भाडे येईल त्यातून निशाने ती हिरामणच्या शेतात लोखंडी पाइपातून खोल घ्यावी. मग सांगावे, काका, राब आता जुन्या जागी भाजा. बाकीची वाटणी त्यानंतर.

साक्षीला हिरामणलाच बोलवायचे मनात होते. त्या निमित्ताने तो ओट्यावर येऊन बसला असता. तो यावा असे मला फार वाटत होते. वकील म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष घेऊ नये. दोन्हींतले एक ठरवा.

मी वाटा ठरवला.

सही: केसरीनाथ तुळशीराम भोईर

साक्षीदार:
भाविक म्हात्रे, शेजारी (सही)
मंगळ्या वरठा, तारेचा चर खणणारा (डावा अंगठा)

राहनाळ, दि. १२ एप्रिल २००८