माझेच केस

१० नोव्हेंबर, सकाळ
सप्टेंबरात डेंग्यू झाला, प्लेटलेट्स वर आल्या, वाटलं सुटलो. आज कंगव्यात बेचाळीस केस. उशीवर अकरा. न्हाणीघराच्या जाळीत तर गुंताच. वय त्रेचाळीस. घराण्यात कोणी टकला नाही. सात डिसेंबरला देवरूखला शार्दूलचं लग्न आणि मी नवऱ्याचा एकुलता एक काका. घाबरायचं नाही. रोज मोजणी. तीन आठवड्यांत गळती शून्यावर आणणार.

१२ नोव्हेंबर
माळनाक्यावरच्या डॉक्टरबाईंकडे. म्हणाल्या, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतातच, टक्कल पडत नाही, काही महिन्यांत परत येतात. नीट जेवा, धीर धरा. धीर! लग्न पंचवीस दिवसांवर. बायको सोबत होती. बाई लीलाशीच जास्त बोलत बसल्या. पेशंट मी की ती?

१५ नोव्हेंबर
कांद्याचा रस सुरू. ऑफिसात शेजारच्या दर्शना मॅडमनी आपलं टेबल खिडकीपाशी हलवलं. हवेसाठी असावं.

१६ नोव्हेंबर
मोजणीत घोळ. जाळीत लीलाचे लांब केस मिसळतात, माझा आकडा चुकतो. स्पष्ट सांगितलं, तुझे तू वेगळे काढत जा. 'बरं' म्हणाली. या घरात सहकार्यसुद्धा मागून घ्यावं लागतं.

२१ नोव्हेंबर
टाळू सोलवटली. कांदा बंद. जास्वंदीचं तेल चालू. नळाचं पाणी बंद, विहिरीचं चालू. आकडा सत्तर. विहिरीतच काहीतरी आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
मनस्विनी म्हणाली, बाबा, आरशापुढून उठा, मला कॉलेजच्या ट्रिपला जायचंय. पोटची पोर! गळती टेन्शनने वाढते आणि टेन्शन घरचे देतात. लीला पार्लरला निघाली. जाताना काहीतरी सांगत होती. म्हटलं, आकडा लिहिताना मध्ये बोलू नकोस. इथे माझ्या डोक्याचं हे चाललंय आणि हिला नटायचं सुचतं.

२७ नोव्हेंबर
जाळी जवळजवळ रिकामी! जास्वंद जिंकली.

२ डिसेंबर
कंगव्यात एकाहत्तर. काल कमी निघाले, पण कालचा कंगवा वेगळा होता. जास्वंदीबद्दलचं मागे घेतो. लग्नात फेटा बांधणार, मुहूर्तापासून गाडीत बसेपर्यंत.

७ डिसेंबर, देवरूख
फेटा बांधला. घामाच्या धारा. माझ्या डोक्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सगळ्या बायका लीलाभोवती. गोदूआत्या मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, अगो, कमरेपर्यंतचा शेपटा होता तुझा, काय झालं हे? लीला म्हणाली, तापानंतर मूठ-मूठ गळायला लागले, बघवेना, कापून टाकले. मी वळून पाहिलं. केस मानेपर्यंत. कधी कापले?

८ डिसेंबर
लीलाला विचारलं, मला सांगायचं नाही? म्हणाली, डेंग्यू आपल्याला एकाच आठवड्यात झाला, डॉक्टरबाईंनी दोघांना एकत्र बसवून समजावलं, पार्लरला जातानाही मी सांगत होते. रागावली नव्हती. फरसबी मोडत होती. विचारलं, तुला ताप किती होता. म्हणाली, एकशे तीन, सतरा सप्टेंबरला. तरी सकाळी उठून तुमची पेज केली होती.

हे काही मला पटेना. असं असतं तर मी लिहिलं नसतं? सप्टेंबरची पानं काढली. माझा ताप सहा पानं, प्लेटलेट्सच्या तक्त्यासकट.

सतरा तारखेला एकच ओळ. 'आज पेज खारट.'