गेलो आणि गेलतो

मंगळवार, १३ एप्रिल २००४

झालं ते क्रमाने.

१. साडेअकराला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची परीक्षा. माझा आणि निकेशचा कवड्यांचा खेळ – चार संगणक, चार खेळाडू, एकच पट.
२. पट, सोंगट्या, कवड्या सामायिक. प्रत सगळ्यांकडे, पण कवड्या टाकायचा हक्क एका वेळी एकाच संगणकाकडे. हा भाग माझा.
३. कोणी आला, कोणी गेला, याची बातमी खेळात जाहीर होते. ज्या भागाने त्या बातमीसाठी नाव नोंदवलं असेल त्यालाच ती मिळते. जाहीर करायचा भाग निकेशचा.
४. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्या संगणकावरचा खेळ बंद केला. कवड्या तेव्हा त्याच्याकडे होत्या.
५. त्या चौथ्याकडे जायला हव्या होत्या. गेल्या नाहीत. बाकीचे तिघे वाट पाहत राहिले.
६. "बातम्यांचा भाग कोणाचा?" – परीक्षक. "माझा, सर." – निकेश.
७. मी पास. निकेशचा निकाल राखून ठेवला. फेरपरीक्षा हिवाळ्यात.

त्याला पुण्याच्या कंपनीत जुलैत रुजू व्हायचंय. निकाल नाही तर नोकरी नाही. असं पत्रातच लिहिलंय.

मी शेजारीच उभी होते. खेळ का अडकला ते मला माहीत नव्हतं.

बुधवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी आईसोबत पुतळ्याजवळ गेले. गर्दीत निकेशचे वडील भेटले – रूपरावकाका, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. नवा पांढरा शर्ट, हातात निळा झेंडा. म्हणाले, "काऊन झालं वं पोरी असं? रातभर त्या कॉम्प्युटरपाशी बसून राह्यला होता तो."

"पाहते, काका."

"पाह्य मा. तुले त समजते त्यातलं. इंजिन असतं त मीच खोललं असतं!"

हसले. मलाही हसावं लागलं.

गुरुवार, १५ एप्रिल

लॅब उघडून घेतली. दोघांच्या फाइली शेजारी शेजारी लावल्या. वीस मिनिटांत सापडलं.

निकेशने बातम्यांना आपल्या बोलीतली नावं दिली होती. खेळाडू आला की 'आलो'. गेला की 'गेलतो'. फेब्रुवारीत मी म्हटलं होतं, बाहेरचे परीक्षक येतील, नीट लिही. शिवाय अर्थही चुकतो – गेलतो म्हणजे जाऊन परत आलेला! तो म्हणाला, "मशीनले काय फरक पडते वं? काहीबी ठेव. दोन्हीकडं सारखं पाह्यजे, बस."

माझ्या फाइलीत आता 'गेलो' आहे. त्याच्या फाइलीत 'गेलतो' आहे.

म्हणजे त्याने बातमी जाहीर केली, बरोबर केली. माझा भाग भलत्याच बातमीसाठी नाव नोंदवून बसला होता. कधीच जाहीर न होणाऱ्या बातमीसाठी नाव नोंदवलं तर यंत्रणा चूक दाखवत नाही. नुसती गप्प बसते.

फाइल शेवटची बदलली १२ एप्रिलला, संध्याकाळी ६.४०. परीक्षेच्या आदल्या दिवशी. मीच शब्द नीट केला होता. एका जागी! नंतर चारही संगणकांवर खेळ चालवून पाहिला, पण मधूनच कोणाला बाहेर काढून पाहिलं नाही.

विभागप्रमुख प्रभाकरराव सर मला जूनपासून लॅबमध्ये शिकवायला घेणार आहेत. "तुझ्यासारखी काटेकोर मुलगी पाहिजे." हे त्यांचे शब्द.

कोणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, १६ एप्रिल

सरांच्या खोलीपर्यंत गेले. आत मीटिंग चालू होती, म्हणून परत आले.

मीटिंग नव्हती.

शनिवार, १७ एप्रिल

निकेश बसस्टँडसमोर भेटला. चहा पाजला. शिकवणीच्या मुलांबद्दल बोलत होता – हिवाळ्यापर्यंत घरी शिकवण्या घेणार म्हणे. मग मध्येच –

"फाइल पाह्यली का तू?"

"नाही."

इतकं सहज निघालं तोंडातून.

"मी पाह्यली," तो म्हणाला. "तिथंच. परीक्षक घड्याळ पाहून राह्यले होते तवाच दिसलं मले. शुद्ध मराठीचा लय शौक वं तुले!"

मी कप खाली ठेवला. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो त दोघायले बसवलं असतं. एकाचं त निघालं."

"ते तू ठरवणार?"

"मंग कोन ठरवते? तू त उभीच होती." त्याने कप रिकामा केला. मग म्हणाला, "मले वाटलं तू पाहशीन अन् सांगशीन. चार दिवस झाले."

रागावला नव्हता.

पैसे त्यानेच दिले. पवनारची गाडी लागली होती, धावत जाऊन बसला.

रविवार, १८ एप्रिल

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग मले काय सांगतेस?"

सोमवार, १९ एप्रिल

सकाळी साडेदहाला अर्ज सरांच्या हातात दिला. नक्कल:

"दि. १३ रोजी खेळ थांबला तो माझ्या फाइलीतील एका शब्दामुळे. श्री. निकेश यांचा भाग निर्दोष होता. हे मला दि. १५ पासून माहीत आहे. दोन्ही फाइलींच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत. त्यांचा निकाल जाहीर करावा व माझा राखून ठेवावा. लॅबमधील जागेसाठी माझा विचार करू नये. त्यांना कंपनीला कळवायचे असल्याने शनिवार, दि. २४ एप्रिलपर्यंत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती."