एकदा जमलं म्हणजे जमतं असं नाही

ता. ३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्यामागे दोन मुक्काम धावून शेवटी इथे सापडलं. सध्या मी एका मोठ्या इस्पितळाच्या भिंती रंगवतोय. रंगाचं नाव ‘शांत हिरवा’, पण तो बघून माझाच जीव वरखाली होतो. मुकादम म्हणतो, रोग्यांना आवडतो. रोग्यांना विचारलं कुणी, देव जाणे. असो, भरकटलो.

तुझ्या बोटांच्या संधिवातासाठी केलेला अपंगत्व-भत्त्याचा अर्ज फेटाळला, हे वाचून मी शिडीवरूनच ओरडलो. खालच्या नर्सला वाटलं, पडलो. अगं, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं फायलीत होतं ना? मग तपासणीच्या डॉक्टरने ‘बोटांनी बारीक काम करू शकते’ असं कशाच्या जोरावर ठोकून दिलं? आणि तू खुशाल लिहितेस, पुढच्या महिन्यापासून परत कारखान्यात शिलाई मशीनवर बसणार! शिवण चालू ठेवलीस तर बोटं कायमची वाकडी होतील, असं तुझेच डॉक्टर म्हणाले ना? तपासणीत नेमकं काय झालं ते लिही. काही गाळू नकोस. तुझी गाळायची सवय मला ठाऊक आहे.

दाजींना नमस्कार. माया आहे तेवढीच राहू दे, जास्तीची मागत नाही.

तुझा,
भिंगरी

ता. ११ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शिडीवर चढून पत्रं वाचणारा भाऊ माझ्याच वाट्याला यावा! खाली उतरून वाच हे.

गाळू नको म्हणतोस, तर ऐक. पाहुणे यायच्या आधी घर आवरतो ना, तसे मी हात आवरून गेले. दोन दिवस कशाला हात लावला नाही, सकाळी गरम पाण्यात बोटं शेकली, वर जास्तीची एक गोळी घेतली. बटणं तुझ्या दाजींनी लावून दिली. घरची कामं जमतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, जमतात की. खोटं नाही बोलले. तुझे दाजी करतात, म्हणजे जमतातच.

मग त्यांनी सुई पुढे केली. आता तूच सांग, अख्खी हयात शिवणकामात गेली, आणि दोरा ओवता येत नाही असं म्हणू? पहिल्या झटक्यात ओवला. डॉक्टर खूश, मीही खूश. शाबासकी घेऊनच घरी आले म्हण ना. त्यानंतर चार दिवस चहाचा कप धरवेना, ते वेगळं.

महिनाअखेरपर्यंत फेरविचाराचा अर्ज करता येतो म्हणे. पण त्यांनी लिहिलं ते खोटं नाही, मग भांडू कशावर?

वेळेवर जेव. आठवण येते, पण ती आली म्हणून शिडीवर ओरडू नकोस.

तुझी,
ताई

ता. १६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, सापडलं! आधी तू खाली बस, मी तर उड्याच मारतोय.

इथे एक फिजिओबाई आहेत, दिवसभर लोकांचे हात बघतात. त्यांची खोली रंगवताना तुझा सुईचा पराक्रम सांगितला. त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की ओल्या रंगात अख्खा पंजा उमटला. (टेबल मी सकाळीच रंगवलं होतं. मुकादमाला काय सांगू?) त्या म्हणाल्या, एकदा जमलं म्हणजे जमतं असं नाही. पुन्हा पुन्हा जमतं का, किती वेळ जमतं, आणि नंतर काय होतं, हे कुणी लिहिलंय का? तुझे रिपोर्ट एवढंच सांगतात की रोग आहे. त्या रोगाने हातांचं काय केलंय, ते फायलीत कुठेच नाही!

तेव्हा आता असं कर. तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळं सांग आणि काय जमत नाही ते स्पष्ट शब्दांत लिहून माग. मुठीची पकड मोजायचं यंत्र असतं, त्यावर मोजून घे, सकाळी बोटं आखडलेली असताना आणि काम केल्यावरही. दाजींना बरोबर ने, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. रोजच्या गोळ्या घे, पण ती शोभेची गोळी नको. हात आवरून जायचं नाही! खोटं एक अक्षर बोलू नकोस, पण खरंही गाळू नकोस. शाळेत मी एवढं लक्ष दिलं असतं तर आज शिडीवर नसतो, पण मग या बाई कुठल्या भेटायला!

पत्र पोचताच नीघ. चिडलीस तरी चालेल, माझ्यावरचा लोभ मात्र कुणाला देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी

ता. २ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

भत्ता मंजूर झाला!

आमचे डॉक्टर आधी संतापले. फाईल उलटी करून दाखवली. प्रत्येक पानावर ‘बरं आहे’. दर वेळी मीच तसं सांगत आले होते. मग तुझ्या दाजींना कंठ फुटला. नळ ते उघडतात, बटणं ते लावतात, केस ते विंचरतात, सगळं सांगितलं. (भांग वाकडा पडतो, हेही कबूल केलं. – दाजी) पकडीच्या यंत्रावर पहिल्या दाबाला काटा बऱ्यापैकी चढला, मग खाली खाली येत गेला आणि शेवटी हललाच नाही.

फेरविचाराच्या दिवशी तिथल्या अधिकारी बाईंनी आमच्या डॉक्टरांचं पत्र मोठ्याने वाचलं. मला वाटलं, कोण ही बिचारी? कसं निभावते? मग लक्षात आलं, मीच की. हे सगळं खरं का, असं त्यांनी विचारलं. मी मान वर करून हो म्हटलं. भिंगरी, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! (जिभेची तपासणी झाली नाही, हे आमचं नशीब. नाहीतर अर्ज पुन्हा फेटाळला असता. – दाजी)

मशीनवर बसणार नाही म्हणून कारखान्यात कळवून टाकलं. आता तू ये, लोभ पत्रातून पुरे झाला.

तुझी,
ताई

ता. क. – अक्षरावरून ओळखलं असशील, पत्र तिने सांगितलं, लिहिलं मी. सही तरी तिने करावी म्हणून पेन पुढे केलं, तर तुम्हीच करा म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. लग्न झाल्यापासून हे हात मी पहिल्यांदाच रिकामे बघतोय.
– दाजी