गोडं तेल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
गुरुवार, दुपार

प्रिय राजू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटावर टाकशील, अशी मला भीती आहे. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर नुसता फोन न उचलण्यावर थांबले नसते, इचलकरंजीहून एस.टी. पकडून भांडायला दारात आले असते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर गिचमिड झालं तर सांभाळून घे. खाली घाणा चालू आहे. तुझे दाजी कुणा गिऱ्हाइकाला मोठमोठ्यानं काहीतरी पटवून देतायत, आणि मी वर ओट्याशी बसून लिहितेय. एक डोळा कागदावर आहे आणि एक ओव्हनमध्ये ठेवलेल्या बटाट्यांवर.

हो, तेच बटाटे. नाव वाचूनच तुला हा कागद फाडावासा वाटला असेल. तरीसुद्धा गेला महिनाभर मी तेच करतेय, आणि का करतेय ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आई गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे हेच घर. संक्रांतीनंतर तू इकडची पायरी चढली नाहीस, आणि यशूला मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पोरगी बरी आहे, शाळेला जाते, एवढं जोतीरामरावांकडून कळतं. तुझा नवरा भला माणूस आहे. सुताच्या कामासाठी इकडे आला की दुकानाशी दोन मिनिटं थांबतो आणि मी न विचारता सांगून जातो.

यशूला शेंगदाणा चालत नाही हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसले होते. तुझ्या तोंडावर नाही, तू गेल्यावर. घाणेवाल्याच्या भाचीला दाणा बाधतो, हे मला खरंच वाटेना. आपण दोघी काय खाऊन वाढलो? आमटीत कूट, भाजीत कूट, उपासाला कूट, आणि मधल्या वेळेला दाण्याची चटणी-भाकरी. तू तिळगूळसुद्धा वेगळा करून आणलास तेव्हा मी दाजींना म्हटलं होतं, "राजीनं नुसतं फॅड काढलंय." त्यांनी मान डोलावली होती. पण मनात काही असलं तरी तुझा शब्द मी मोडला नव्हता, एवढं माझ्या बाजूनं धर. नाही धरलंस तरी चालेल.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यातच तुझ्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तू यशूला दोन दिवस माझ्याकडे सोडलंस. सोबत तिच्या जेवणाचे डबे दिलेस. ते डबे मला झोंबले, राजू. मावशीच्या घरी पोरगी डबा घेऊन येते म्हणजे मावशीचा काही भरवसा नाही, असंच मी समजले. तेवढ्यात तिनं मोबाइलवर ते बटाट्याचं जेवण दाखवलं. सालासकट भाजलेला भला मोठा बटाटा, वरून फुलीसारखी चीर दिलेली, आणि शेजारी लालसर सॉसेज. म्हणाली, "मावशी, हे आपल्याला येतंय काय गं?" आता असं कुणी मला विचारावं आणि मी नाही म्हणावं! दाजींना पिटाळून सॉसेजचं पाकीट आणवलं. चष्मा लावून त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचलं, पुन्हा यशूकडून वाचून घेतलं. मिक्सरचं भांडं बाजूला ठेवलं, कुटाचा डबा माळ्यावर टाकला. मला वाटलं, आता राजीनं येऊन बघावं, तिच्यापेक्षा जास्त काळजी घेतेय मी.

आणि मग बटाट्यांना तेल चोळलं. आपलं. त्याच दिवशी सकाळी काढलेलं, अजून नीट निवळलंही नव्हतं. बाहेरचं कसलं तरी तेल भाचीच्या ताटात कशाला, म्हणून मुद्दाम खाली जाऊन वाटी भरून आणली. यशू ओट्याला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "मावशी, ह्यात शेंगदाणे न्हाईत न्हवं?" मी म्हटलं, "एक दाणा न्हाय बाळा. नुसतं गोडं तेल हाय." तिला ते नाव आवडलं. गोडं तेल, गोडं तेल, असं म्हणत ती टेबलावर जाऊन बसली.

तू म्हणशील, घाण्याच्या डोक्यावर राहतेस आणि तेल कशाचं ते तुला कळत नाही? कळतं गं. रोज पोती उतरताना बघते. पण माझ्या डोक्यात दाणा म्हणजे दाणा, नाहीतर कूट, नाहीतर चटणी. घाण्यातून एकीकडे पेंड पडते आणि एकीकडे तेल येतं. दाण्याचं जे काही असतं ते पेंडीबरोबर गेलं, आणि राहिलं ते तेल, असंच इतकी वर्षं बघत आले. आपल्याकडे त्याला कुणी शेंगदाण्याचं तेल म्हणतच नाही. आई म्हणायची गोडं तेल, दुकानाच्या पाटीवर गोडं तेल, गिऱ्हाईक मागतं गोडं तेल. मी यशूशी खोटं बोलले नाही. पण खोटं बोलले असते तर निदान बोलताना जीभ अडखळली असती. मी अगदी छातीठोकपणे सांगितलं आणि तिनं पहिला घास घेतला.

पुढचं तुला माहीत आहे. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आणि आवाज बसला. दाजींनी तिला पुढ्यात घेऊन स्कूटर कशी काढली देव जाणे. मी मागून रिक्षानं पोचले, पायात एक चप्पल होती. दवाखान्यात तू आलीस तेव्हा तू ओरडशील, मला हाकलशील, असं वाटलं होतं. तू ओरडली नाहीस. यशूच्या पायावरचं पांघरूण सारखं केलंस आणि एवढंच म्हणालीस, "ताई, तिनं इचारलं हुतं की." राजू, ते 'की' अजून कानातून जात नाही. भाजी निवडताना, देवापुढं हात जोडताना, मध्येच येतं.

नंतर मी एकटीच यशूला तपासलेल्या त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले, तुला माहीत नसेल. बाईंनी समजावून सांगितलं की घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश उरतोच. मी विचारलं, आता घर कसं धुऊन घेऊ म्हणजे पोरगी येऊ शकेल? त्या म्हणाल्या, खाली घाणा आहे, हवेत फोलपटं आहेत, लाटणं-पोळपाट, कढया सगळ्यांत ते मुरलंय, या घरात तिला जेवायला घालायचं मनातच आणू नका. मी पायऱ्या उतरले आणि रस्त्यावरच रडले. तुझं माहेर आणि तिथं तुझ्या लेकीला पाणीसुद्धा द्यायचं नाही.

तरीही शिकायला घेतलं. पहिल्यांदा तेल आणायला गेले. आमच्याच घाण्यावर सूर्यफूलही निघतं, पण घाण्याच्या त्याच लाकडी लाटेखालून दाणाही चिरडला जातो, म्हणून ते बाद. कोपऱ्यावरच्या दुकानातून कारखान्यातली बंद बाटली मागितली, तर दुकानदार अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय वैनी, आकारामनं घाणा इकला काय?" मेल्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. विकतचं सॉसेजही सोडून दिलं, कारण प्रत्येक पाकिटात काय काय भरलेलं असतं. कोंबडीचा खिमा आणून त्यात लसूण, मीठ, मिरी घालते आणि हातानं लांबट वळून तव्यावर परतते. आपला कांदा-लसूण मसाला नाही घालत. डंकावर आपल्या आधी कुणी काय कुटून नेलं असेल याचा नेम नाही. बटाट्याला काट्यानं टोचे मारायचे, तेल-मीठ चोळायचं आणि तास-सव्वा तास विसरून जायचं, म्हणजे साल कुरकुरीत होतं आणि आतून पीठ. पहिल्या खेपेला आत कच्चा राहिला, दुसऱ्या खेपेला कोळसा झाला. दाजी बिचारे मुकाट्यानं खातात. परवा सवयीनं चटणीच्या बरणीकडे हात गेला त्यांचा, मग माझ्याकडे बघितलं आणि बरणी होती तिथंच राहू दिली. म्हणाले, "पोरीला तिखट लागंल म्हणून बेतानं केलंयस नव्हं?" मी हो म्हटलं. पोरगी समोर नव्हतीच, पण आम्ही दोघं ती असल्यासारखं जेवलो.

दुकानाची पाटी त्यांनी बदलून घेतली. आता तिथं 'शेंगदाण्याचं तेल' असं लिहिलंय. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, गोडं तेल बंद केलंत काय? दाजी नव्या पाटीकडे बोट दाखवतात आणि बाटली पुढं करतात.

मला माफ कर असं लिहायला मी बसले नव्हते, राजू. माफी देणं तुझ्याकडे आहे, वाटेल तेव्हा दे, नाही दिलीस तरी मी ताईच आहे. परवा जोतीरामराव आले ते पायरीवर बसूनच राहिले. म्हणाले, यशू शाळेत मैत्रिणींबरोबर डबा खात नाही, भिंतीकडे तोंड करून एकटी खाते. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "चूक माझीच हाय पप्पा. मी दाणे इचारले. मी तेल इचाराय पायजे हुतं. म्हणून आई आणि मावशी बोलत न्हाईत." मी हे पत्र त्यासाठी लिहितेय. तिनं बरोबर विचारलं होतं. तिच्या वयाच्या पोरीनं यापेक्षा नीट विचारायचं तरी कसं? उत्तर चुकलं, आणि ते माझं होतं. हे तिला तू सांगितलंस तर तिला वाटेल, आई समजूत घालतेय. ते माझ्या तोंडून तिनं ऐकलं पाहिजे. मला येऊ दे. मी तुझ्या घरी आजवर कधी रिकाम्या हातानं आले नाही, भडंग नाहीतर चटणीची पिशवी असायचीच. या वेळी पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. तुझ्याकडे येऊन आधी आंघोळ करीन, तुझीच साडी नेसेन. बटाटे तुझे, तेल तुझं, भांडी तुझी, आणि तू शेजारी उभी राहा. यशूनं एकेक वस्तू हातात धरून हे काय, ते काय, असं विचारावं आणि मी प्रत्येकीचं खरं नाव सांगावं. तेवढाही धीर तुला होत नसेल तर मला उंबऱ्याच्या बाहेर उभी ठेव, मी आत पाऊल टाकणार नाही. फक्त तिला दारात बोलव. आणि हा कागद वाचून झाला की हात धू. मी साबणानं हात धुऊन लिहिलंय, तरी तो तिच्या हातात देऊ नकोस.

तुझीच,
रिकाम्या हातानं यायला निघालेली
ताई